एकादशीची खिचडी आणि शिवडीची भरती

चेंबूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलंय. माघातल्या एका रविवारी त्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन शिवडीच्या जेटीवर फ्लेमिंगो बघायला गेल्या. साडेआठला पोहोचल्या. एकादशी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. दीड तासात दिसलं काय, तर समोर तुडुंब पाणी, त्यावर थोडे कुरव, दोन घारी आणि खिचडीवर डोळा ठेवून बसलेले कावळे. दहाला कंटाळून परत. त्यांचे प्रश्न असे: फ्लेमिंगो आता मुंबईत येतच नाहीत का? दुर्बीण कोणती घ्यावी? आणि चिखलातले ते मातकट पक्षी फोटोत सगळे एकसारखेच वाटतात, ते ओळखायचे कसे? शिवाय नात आता पुन्हा यायला तयार नाही.

बाई, फ्लेमिंगो येतात. त्या रविवारीही ते मुंबईतच होते, फक्त तुमच्यासमोर नव्हते. त्याचं कारण तुमच्या डब्यातल्या खिचडीतच आहे.

'पक्षी बघायला पहाटे जावं' हा सल्ला येऊरच्या किंवा कर्नाळ्याच्या जंगलात बरोबर आहे. खाडीवर तो अर्धाच लागू पडतो. खाडीतल्या पक्ष्यांचं ताट म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. हे ताट दिवसातून दोनदा वाढलं जातं आणि दोनदा झाकलं जातं, आणि त्याची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तुम्ही नेमक्या ताट झाकलेलं असताना गेलात.

भरतीची वेळ आजकाल फोनवर मिळते, पण कोळीवाड्यात आणि कोकणात जुन्या माणसांना तोंडपाठ असलेला हिशोब त्याहून सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. घड्याळात जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते, दिवसातून दोनदा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशोब हाच. आता तुमची एकादशी घ्या: अकरा पाऊणे सव्वाआठ. हिशोब ढोबळ आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, आणि अष्टमी ते एकादशीच्या दिवसांत भरती बहुधा हिशोबापेक्षा थोडी उशिराच येते. म्हणजे तुमच्या दिवशी पाणी नऊच्या सुमाराला पूर्ण चढलेलं. तुम्ही साडेआठला पोहोचलात आणि दहाला निघालात. बारापर्यंत थांबला असतात तर चिखलाची पहिली पट्टी उघडी पडताना दिसली असती, आणि तिच्यावर उतरणारे पक्षीही. पण नऊ वर्षांच्या मुलीला उन्हात बारापर्यंत बसवणं शक्य नाही, हे मलाही कळतं.

मी स्वतः उलटी चूक केली होती, आणि तीही एकदा नाही. सुरुवातीच्या वर्षांत पौर्णिमेच्या सकाळी साडेसहाला शिवडीला जाऊन उभा राहिलो. पहाटे सहाच्या आसपास उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. फ्लेमिंगो होते, हजारोंनी होते, पण क्षितिजाजवळ गुलाबी खडूने ओढलेल्या रेघेसारखे. दीड तास ती रेघ बघितली आणि आठला निघून गेलो. त्या दिवशी नऊनंतर पाणी आत आलं असणार आणि त्याने तो सगळा थवा ढकलत ढकलत जेटीपाशी आणला असणार. हे मला वर्षभराने कळलं.

म्हणून हे एक मनात पक्कं करा. पूर्ण भरतीला खाडीकाठी जाऊ नये आणि उधाणाच्या पूर्ण ओहोटीलाही नाही. मधल्या पाण्याला जावं. चढतं पाणी असेल तर भरतीच्या तीन तास आधीपासून एक तास आधीपर्यंत. उतरतं असेल तर भरतीनंतर दोन-अडीच तासांनी. मला स्वतःला चढतं पाणी जास्त आवडतं. चिखलाची पट्टी जसजशी आखडत जाते तसतसे पक्षी दाटीवाटीने काठाकडे सरकतात, आणि आपल्याला जागचं हलावंही लागत नाही. पण उधाणाच्या दिवशी पाणी झपाट्याने चढतं, आणि नवख्या माणसाची दुर्बीण स्थिर होईपर्यंत खेळ संपलेला असतो. तुमच्यासारख्यांना मी भांगाचे दिवस सुचवतो, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. भांगाला भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. पाणी फार लांब जात नाही, त्यामुळे पक्षीही जवळपास राहतात, आणि सगळं सावकाश चालतं.

भरतीला फ्लेमिंगो जातात कुठे? खाडीपलीकडे. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला जी उथळ तळी आणि पाणथळी आहेत, तिथे भरतीतही पाणी गुडघाभरच राहतं. पक्षी तिथे एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात आणि ओहोटी लागली की खाडीत परततात. ही ये-जा अंधारातही चालते. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, तेही रात्रीच. तेव्हा 'पाणथळी बुजवली तरी खाडी आहेच की' असं कोणी म्हणालं तर त्याला विचारावं, भरतीच्या सहा तासांत हे पक्षी उभे कुठे राहणार?

शिवडीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. नव्वदच्या दशकात लोकांना मुंबईचे फ्लेमिंगो माहीत झाले ते शिवडीमुळे. आता अटल सेतू हा समुद्रावरचा पूल तिथूनच निघतो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला. पक्षी अजून येतात, पण जेटीवर उभं राहून पूर्वी जो निवांतपणा मिळायचा तो गेला. ठाणे खाडीचा वरचा भाग आज जास्त भरवशाचा आहे. तिथलं सुमारे १,६९० हेक्टरचं क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोटी सुटतात. त्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात, त्यामुळे ठरवणं तुमच्या हातात राहत नाही, आणि तेच बरं. एक लक्षात ठेवा: शिवडीपेक्षा ऐरोली-भांडुपला भरती थोडी उशिरा पोहोचते.

पण नातीला पहिल्यांदा नेताना मी शिवडीलाही नेणार नाही आणि बोटीतही नाही. मी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर नेईन. पूर्व द्रुतगती महामार्गावरून खाडीकडे जाणारा हा रस्ता. दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये गवत, लहान डबकी, पलीकडे मिठागरं. आत जायच्या परवानगीचे नियम आणि वेळा बदलत असतात, तेवढी चौकशी आधी करा. इथली गंमत अशी की भरती असो की ओहोटी, हात हलवत परत यावं लागत नाही. तारेवर वेडे राघू बसलेले असतात, दर दोन मिनिटांनी सूर मारून माशी पकडून त्याच जागी परततात. हिवाळ्यात डबक्याच्या कडेला शंकर दिसतो. गळ्यावर निळा आणि तांबडा पट्टा असलेला हा चिमणीएवढा पक्षी गवतातून बाहेर येतो, दोन उड्या मारतो, शेपटी उभारतो आणि पुन्हा आत. मुलांना तो लगेच आवडतो, कारण तो लपाछपी खेळतो.

इथेच वंचक नक्की दाखवा. डबक्याकाठी मातकट, रेघारेघांचा, मान खांद्यात घातलेला बगळा. इतका स्तब्ध, की तीन-चार पावलांवर येईपर्यंत तो ढेकूळ वाटतो. मग उडतो, आणि उडताक्षणी पांढराशुभ्र! पंख उघडेपर्यंत पांढरा रंग दिसतच नाही. वंचक म्हणजे फसवणारा, नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. आपल्या नावांमध्ये अशी मजा पुष्कळ आहे. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेलं बदक ते हळदी-कुंकू, फावड्यासारखी चोच असलेलं ते थापट्या, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी तो वारकरी. नातीला ही नावं सांगा, ती विसरणार नाही. फक्त एकाच पक्ष्याला निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी नावं असतात, म्हणून यादीत इंग्रजी नावही लिहून ठेवा. आम्ही सगळेच मिश्र भाषा बोलतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ते मातकट पक्षी. बाई, एकसारखे वाटतात यात तुमचा दोष नाही. हिवाळ्यात इथे येताना त्यांनी आपले विणीचे रंग उतरवून ठेवलेले असतात. वर राखाडी-तपकिरी, खाली पांढरा, सगळ्यांचा गणवेश एक. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत. गणवेशातली चाळीस मुलं पहिल्या दिवशी सारखीच दिसतात; आठवड्याने पाठमोरं मूलही चालण्यावरून ओळखू येतं. इथेही तसंच. रंग सोडा, चाल बघा.

चिखल्या नावाचे पक्षी धावतात, थबकतात, एकदा टिपतात, पुन्हा धावतात. डोळे मोठे, चोच आखूड, कारण ते नजरेने शिकार शोधतात. तुताऱ्या आणि त्यांची भावंडं मात्र थांबतच नाहीत, चालता चालता टोचत राहतात, कारण त्यांचा शोध चोचीच्या टोकाने चालतो. धाव-थांब-टिप की सतत टोच, एवढं एक ठरवलंत की अर्धी गर्दी बाजूला झाली. मग चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून बघा. लिटल स्टिंट हा चिमणीएवढा जीव, चोच डोक्यापेक्षाही आखूड, वरच्या थरातलंच खातो. रेडशँकची चोच डोक्याहून थोडी लांब. गॉडविटची चोच लांब आणि सरळ. तो डोळ्यांपर्यंत तोंड चिखलात खुपसतो. कर्ल्यूची तर डोक्याच्या दुप्पट-तिप्पट आणि खाली वाकलेली, खोल बिळातला खेकडाही ओढून काढणारी. म्हणून एका चिखलावर इतके पक्षी शेजारी शेजारी जेवतात आणि भांडणं तुलनेने कमी होतात: प्रत्येकाचा मजला वेगळा. शेकाट्या आणि उचाट्या यांना शिकवावं लागत नाही. पहिल्याचे पाय गुलाबी आणि काटकुळे, दुसऱ्याची चोच वर वळलेली.

रेडशँकपासून सुरुवात करा, तो सगळ्यांना भेटतो. नारिंगी-तांबडे पाय. ऊन डोळ्यांवर असेल तर पायांचा रंग कळत नाही. मग तो उडायची वाट बघा. उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी, आणि पाठीवरही पांढरं. त्याच वेळी 'ट्यू-हू-हू' अशी घाबरलेली शीळ. खाडीवर धोका सगळ्यात आधी हाच ओरडून सांगतो, आणि अख्खा काठ उठतो. एक पक्षी असा उभा, चालता, उडता आणि ओरडता पुरता ओळखीचा झाला की बाकीचे त्याच्या तुलनेत शिकता येतात: याच्यापेक्षा मोठा, याच्यापेक्षा फिकट, याची चोच किंचित वर वळलेली आणि पाय हिरवट, म्हणजे ग्रीनशँक. पहिल्या वर्षी पाच पक्षी पक्के झाले तरी खूप. पन्नास 'बघितले' म्हणणाऱ्यांची यादी मी फार मनावर घेत नाही.

फ्लेमिंगोंमध्येही दोन जाती आहेत. मुंबईत बहुसंख्य लेसर, म्हणजे लहान रोहित: बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद, लांबून काळीच वाटते. ग्रेटर म्हणजे मोठा रोहित: उंच, बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि जीभ पंपासारखी चालवून पाणी गाळतात. लहान्याची गाळणी बारीक, तो सूक्ष्म शेवाळ खातो. मोठा त्यातले किडे-झिंगे वेचतो. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे थव्यातले मळकट पक्षी आजारी नाहीत, लहान आहेत. हे शेवाळ खाडीत इतकं माजतं त्यात शहराच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. त्याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऋतूचं थोडक्यात. काठावरचे लहान पक्षी ऑगस्टअखेरपासून उतरू लागतात, फ्लेमिंगो बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरपासून. ते मेअखेरपर्यंत असतात, आणि भर मोसमात संख्या लाखाच्या घरात जाते. लोक थंडी संपली की यायचे बंद होतात, आणि नेमके एप्रिलमध्ये परतीच्या आधी पक्षी रंग चढवतात. कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो, गॉडविटची मान तांबूस होते, वाळूतल्या चिखल्यांच्या छातीवर केशरी पट्टा येतो. घाम पुसायची तयारी असेल तर चैत्रात एकदा याच.

दुर्बीण ८×४२ घ्या. आठपट मोठं दिसतं आणि बेचाळीस मिलिमीटरची पुढची भिंगं पुरेसा उजेड घेतात. दहापट घेऊ नका. हाताचा कंपही दहापट होतो, आणि साठीनंतर तो आपल्या सगळ्यांच्या हातात असतो. रस्त्यावर मिळणाऱ्या झूमवाल्या दुर्बिणी तर नकोतच. विकत घेतल्यावर एक काम मात्र करा, ते बहुतेक लोक करत नाहीत. उजव्या डोळ्याच्या भिंगाला एक वेगळी फिरती कडी असते. उजवी बाजू हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबच्या एखाद्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावी झाका आणि मधलं चाक अजिबात न हलवता उजवी कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. त्या कडीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे नातीने फिरवली तरी आपली खूण सापडते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करून चष्म्यासकटच बघा. मी पहिली दोन वर्षं ही कडी न लावता काढली आणि दुर्बीण खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आलो होतो.

नातीच्या कंटाळ्यावर माझा उपाय म्हणजे तिला काम देणं. एकच पक्षी निवडायचा आणि एका मिनिटात तो चोच किती वेळा चिखलात घालतो ते तिने मोजायचं, तुम्ही घड्याळ धरायचं. मग दुसऱ्या जातीचा घ्यायचा. स्टिंटच्या मागे मोजता मोजता तिची त्रेधा उडेल. मध्येच पक्षी नसतील तेव्हा तिवरांच्या मुळाशी निवट्या दाखवा, चिखलावरून उड्या मारत चालणारा मासा. माझ्यासोबत आलेल्या निम्म्या मुलांना घरी गेल्यावर फ्लेमिंगोपेक्षा निवट्याच आठवतो, आणि ते ठीकच आहे. पुढे तिला गोडी लागली तर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. तेव्हा अनुभवी माणसांसोबत फिरायला मिळतं.

दोन गोष्टींत मी कडक आहे. एक, चिखलात उतरायचं नाही, फोटोसाठी दोन पावलंसुद्धा नाही; तो वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. दुसरी, थवा उडवायचा नाही. टाळ्या वाजवून फ्लेमिंगो उडवणारे लोक तुम्हाला भेटतील. पक्ष्याला खायला मिळतात ते ओहोटीचे मोजके तास, त्यातली वीस मिनिटं तुमच्या फोटोसाठी गेली. कुरवांना शेव-गाठ्या टाकणं हाही त्यातलाच प्रकार. नातीने हट्ट केला तर शेव तिलाच खायला द्या.

आता भांडुपनंतरची तुमची शिवडीची फेरी. येत्या अष्टमीला किंवा तिच्या आगेमागे एखादा सुट्टीचा दिवस बघा. भरती सहा-सातच्या सुमाराला होऊन गेलेली असेल. म्हणजे तुमची साडेआठची वेळ बदलायलाही नको, शिवडीला तेव्हा चिखल उघडा पडू लागलेला असेल. सकाळचं ऊन खाडीच्या बाजूने डोळ्यांवर येतं, म्हणून दोघींना टोप्या आणि दोन बाटल्या पाणी. जेटीवर स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका, ते स्टेशनवरच उरकून घ्या. आणि डबा कावळ्यांपासून सांभाळा, ते तिथी बघून येत नाहीत.